हेल फ्रॉम : आधी जहाजाचं, मग माणसाचं

पहिल्या इंटरव्ह्यूच्या आधी शेजारच्या दादाने माझ्याकडून घोकून घेतलेलं वाक्य, आय ॲम हेलिंग फ्रॉम लातूर. नुसतं कम फ्रॉम म्हटलं तर साधं वाटतं म्हणे. ते 'ॲम हेलिंग' चुकलेलं होतं, आय हेल फ्रॉम एवढंच पाहिजे, हे नंतर कळलं, पण खरी गंमत म्हणजे हा शब्दप्रयोग मुळात माणसांचा नव्हताच, जहाजांचा होता.

हेल म्हणजे लांबून हाक मारणं (गारा पडतात तो हेल वेगळा, याचा त्याच्याशी काही संबंध नाही). मूळ जुन्या नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतलं, अर्थ धडधाकट, खुशाल, म्हणजे आधी खुशाली चिंतायची आणि मग त्याचीच हाक झाली. वायरलेस नव्हता तेव्हा भर समुद्रात दोन शिडाची जहाजं जवळ आली की एकावरून कोणीतरी तोंडाला कर्णा लावून ओरडायचं, जहाज कुठलं, कुठून निघालात, कुठे चाललात, आणि वाऱ्यातून पलीकडून बंदराचं नाव यायचं. जे नाव ओरडून सांगितलं तिथून ते जहाज हेल करतं, असं. 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत तेच माणसांनाही लागलं. अमेरिकेत बोटीच्या मागे जे गाव रंगवलेलं असतं त्याला अजून हेलिंग पोर्टच म्हणतात, आणि मुंबईत नोंदलेल्या जहाजाच्या मागे मुंबई लिहिलेलं असतं तेही त्यातलंच.

अमुकपासून आलं, निघालं अशा अर्थाचा इंग्रजीतला दुसरा शब्द डिराइव्ह, त्याची गोष्ट पाण्याचीच, पण गोड्या. लॅटिनमध्ये रीव्हुस म्हणजे ओढा, त्यातून पाट काढून पाणी वळवणं म्हणजे डिराइव्ह. रायव्हल पण याच ओढ्यातला, एकाच ओढ्यावर पाणी भरणारे दोघं, आता ज्याने रात्री दोन वाजता पाण्याची पाळी धरलीये त्याला हे वेगळं समजवायला नको. त्याच अर्थाचा स्टेम फ्रॉम त्यामानाने कालचा, 20व्या शतकात अमेरिकेत रुळलेला.

आपली गोची होते ती कम फ्रॉममध्ये. मराठीत लातूरहून आलो आणि लातूरचा आहे, फरक प्रत्ययात, क्रियापदाला फार कष्ट नाहीत. इंग्रजीत तोच फरक काळावर, त्यामुळे आय ॲम कमिंग फ्रॉम लातूर म्हटलं की समोरच्याला वाटतं हा आत्ताच बसमधून उतरलाय. आडनावच लातूरकर असेल तर एवढंही बोलायला लागत नाही म्हणा.