पार्श्वभूमी: प्युरिटन इतके का लिहीत?

प्युरिटन म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेत येऊन वसलेले कडवे प्रोटेस्टंट. त्यांचे नाव घेतले की मॅसॅच्युसेट्समधले सेलम आठवते. १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून तिथे १९ जणांना फाशी दिली गेली. पण तोवर मॅसॅच्युसेट्सची वसाहत साठीच्या पुढे गेली होती, आणि आधीच्या त्या वर्षांत हे लोक सतत काही ना काही वाचत-लिहीत होते.

इंग्लंडच्या चर्चमध्ये रोमचे, म्हणजे कॅथलिक पंथाचे, अवशेष फार उरलेत, ही त्यांची मूळ तक्रार. १६२० मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर प्लिमथला उतरलेल्यांनी त्या चर्चशी नातेच तोडले होते. १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा पुढारी जॉन विन्थ्रॉप याच्याबरोबर आलेल्यांना ते चर्च सुधारायचे होते.

कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवले आहे, पुण्य करून निकाल बदलत नाही, अशी त्यांची श्रद्धा. असे मानणारा हातपाय गाळून बसेल असे वाटते. झाले उलटेच. आपण निवडलेल्यांत आहोत का, याच्या खुणा ते रोज स्वतःच्या मनात शोधत आणि रोजनिशीत टिपून ठेवत. चर्चचे पूर्ण सभासदत्व हवे तर आपल्या आत्म्याची हकिकत मंडळीसमोर सांगावी लागे.

बायबल ज्याचे त्याने वाचायचे, म्हणून १६४७ च्या कायद्याने ५० घरांच्या गावाला शिक्षक नेमणे बंधनकारक केले. सैतान माणसाला धर्मग्रंथापासून दूर ठेवतो, असे कारण कायद्यातच दिले आहे. मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजच्या छापखान्याने १६४० मध्ये स्तोत्रांचे पुस्तक काढले, १६६३ मध्ये स्थानिक आदिवासींच्या भाषेतले बायबल. इंग्रजी बायबल मात्र इंग्लंडहूनच येई.

वाचा, पण अर्थ आम्ही सांगू, अशी पाद्र्यांची अपेक्षा होती. ॲन हचिन्सन घरी बायका जमवून प्रवचनांची चिकित्सा करू लागली, तेव्हा १६३७ मध्ये खटला चालवून तिला हद्दपारीची शिक्षा दिली. कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट मात्र या चौकटीतच राहिली. तिचा संग्रह १६५० मध्ये बहिणीच्या नवऱ्याने तिला न विचारता लंडनला छापवला. १६६६ मध्ये घर जळाले, त्यावरची तिची कविता मला सर्वांत जवळची वाटते. देवाचे होते, देवाने नेले, असे ती स्वतःला बजावते. पण जीव अडकलेला दिसतो तो जळालेल्या पेटीत आणि आता पाहुणे जेवणार नाहीत त्या मेजात.

न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, त्यांच्या वारसदार चर्चचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले. त्याच मिशनच्या सिंथिया फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून आल्यावर जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली.