रानफुलांचे बियाणे (खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बांधावर, परसात, शाळेच्या आवारात किंवा पडीक जागी लावण्यासाठी स्थानिक रानफुलांच्या बिया निवडण्याची, जमवण्याची आणि पेरण्याची रीत. रानफुलांच्या ज्या सर्वसाधारण याद्या उष्ण व दमट हवेसाठी केलेल्या असतात, त्या इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तेव्हा हवा अगदी कोरडी असते. दमटपणा येतो तो मृगापासून पुढे चार महिने. म्हणून इथले बियाणे निवडताना एकच गोष्ट आधी पाहावी: ते झाड पावसाळ्यात उगवून, फुलून, बी धरून मोकळे होते का, आणि त्याचे बी पुढचा उन्हाळा मातीत काढू शकते का.

यानंतर जमीन. कापसाच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीळासारखे बारीक बी त्यात खोल गेले की वर येत नाही. पुढे भरपावसात हीच जमीन पाणी धरून ठेवते आणि कोवळी रोपे बुडाशी कुजतात. त्यामुळे काळ्या रानात सपाटीवर न पेरता बांधाचा उतार किंवा वरंबा (सरीच्या कडेचा मातीचा उंचवटा) धरावा. सातपुड्याच्या पायथ्याची आणि साक्री भागातली मुरमाड जमीन पाण्याचा निचरा करते, तिथे रानफुलांना फारशी मशागत लागत नाही.

मुरमाड, उघड्या जागेसाठी तरवडाला तोड नाही. पिवळीजर्द फुले, गुरे सहसा तोंड लावत नाहीत, आणि पाऊस लांबला तरी झाड टिकते. मात्र बीचे कवच कठीण असते. ते वाळूत चोळून किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवल्याशिवाय पेरले तर निम्मे बी वर्षभर तसेच पडून राहते. पिवळी तिळवण, रानतीळ आणि काटेकोरांटीही बांधाला चांगली. कळलावी कुंपणावर चढते तेव्हा डोळ्यांत भरते, पण तिचा कंद आणि बी दोन्ही विषारी असल्याने शाळेच्या आवारात ती लावूच नये.

तेरडा मात्र सावलीचा आणि ओलाव्याचा. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरात पावसाळ्यात तो उतारावर दिसतो, तसा रावेर-यावलच्या केळीबागांच्या कडेलाही लावता येतो, कारण बागेच्या पाण्याने तिथली हवा ओलसर राहते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण एका झाडाला कळ्या कित्येक आठवडे येत राहतात. त्याचे बी धरायला सराव लागतो. बोंड फुगून फिकट झाले की बोट लागताच फुटते, बोंडाच्या सालीचे तुकडे आत वळतात आणि तपकिरी दाणे हातभर लांब उडतात. म्हणून आधी मूठ बोंडाभोवती मिटायची आणि मगच दाबायचे. पहिल्यांदा हे करणाऱ्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

बी जवळच्याच रानातून घ्यावे. त्याच पावसाला आणि त्याच मातीला सरावलेले बी दूरच्या बियापेक्षा भरवशाचे. एका जागचे सगळे बी ओरबाडू नये, बरेचसे झाडावरच राहू द्यावे. यावल, अनेर धरण आणि गौताळा ही अभयारण्ये आहेत, तिथून परवानगीशिवाय काही आणता येत नाही.

बाजारात रानफुलांच्या नावाने मिळणाऱ्या मिश्रणांत बरेचदा कॉसमॉस आणि झिनिया असतात. ही दोन्ही मूळची मेक्सिकोकडची. कॉसमॉस एकदा सुटला की माळ व्यापतो, तेव्हा तो टाळलेलाच बरा. गाजरगवताचे बी मिसळलेले नाही ना, हेही पांढऱ्या कागदावर पसरून पाहावे.

जमवलेले बी सावलीत वाळवून, चाळलेल्या राखेत मिसळून मडक्यात ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर बी कोंडले तर बुरशी धरते. पेरणीला कापसाच्या धूळपेरणीचा, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरण्याचा, नियम लावू नये. पहिल्या सरीनंतर मुंग्या बारीक बी वाहून नेतात आणि उघडीप पडली तर उगवलेले करपते. दोन चांगले पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की बी चौपट वाळूत कालवून फेकावे आणि वरून फक्त हात फिरवावा, माती लोटू नये.

पहिल्या निंदणीतच बहुतेकांची रानफुले जातात, कारण कोवळेपणी ती तणासारखीच दिसतात. त्यासाठी प्रत्येक जातीचे चार दाणे वेगळ्या कुंडीत, नाव लिहून, त्याच दिवशी पेरावेत आणि निंदायला येणाऱ्यांना ती कुंडी आधी दाखवावी.