खातं वेगळं, पत्ता वेगळा

मालवणात माझ्या ओळखीचे एक छापखानेवाले काका आहेत. नारळी पौर्णिमेच्या पत्रकात त्यांनी ‘डोंगरदऱ्या’ टाइप केलं. पडद्यावर ठीक दिसलं, पीडीएफ केली तर ‘डोंगरदर्या’. दरीचा समुद्र झाला! असा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, मराठी वाचणाऱ्यालाच दिसणार. काका तो सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवायला गेले, तर आधी खातं उघडा: पासवर्ड, चित्रांतले सिग्नल ओळखा, मोबाइलवर आलेला कोड टाका. कोड काही आला नाही. काकांनी नाद सोडला.

हे कुणा ओपन सोर्सवाल्याला, म्हणजे सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला, सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘खातं नसेल तर पुढचं विचारायचं कुणाला?’ प्रश्न रास्त आहे, पण त्यासाठी खातं लागत नाही, पत्ता लागतो. ही गल्लत ऐकून मी कंटाळलोय.

खातं काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पत्ता म्हणजे उत्तर पोचेल अशी जागा, बस. मुंबईहून गावी पत्र टाकणारा पाकिटामागे आपला पत्ता लिहितो. पोस्टात बचत खातं आहे का, हे त्याला कुणी विचारत नाही.

डेबियन या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बग ईमेलने कळवतात. सुरुवातीला पॅकेजचं (म्हणजे त्या प्रोग्रॅमचं) नाव आणि व्हर्जन, खाली काय बिघडलं ते. बगला क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाचाच ईमेल पत्ता असतो आणि पुढचं बोलणं त्यावर चालतं. पासवर्ड कुठेच नाही. असं करत नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथला बग क्रमांक दहा लाखांवर गेला. गिट या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची मेलिंग लिस्टही (ईमेलवरचा चर्चागट) सभासद नसलेल्याचा ईमेल घेते. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर मात्र इश्यू, म्हणजे बगची नोंद, लिहायला खातं लागतंच. आणि तिथे कुणी उलट प्रश्न विचारला तर बहुतेकांना तो कळतो कसा? ईमेलनेच!

‘खात्याशिवाय’ म्हणजे ‘निनावी’ असंही काहीजण धरून चालतात. तसं नाही. ज्याला परत गाठता येत नाही त्याचा बग बऱ्याचदा अर्धवटच राहतो, म्हणून पत्ता हवाच असं माझं ठाम मत आहे. डेबियनमध्ये तो पत्ता सगळ्यांना दिसतो, तेव्हा बगांसाठी वेगळा ईमेल ठेवावा.

स्पॅमचा त्रास खरा आहे. पण स्पॅमवाले खातीही ढिगाने उघडतात. अनोळखी पत्त्यावरचा पहिला ईमेल कुणी नजरेखालून घालेपर्यंत अडवून ठेवावा, हा उपाय मला जास्त पटतो.

काकांचा बग शेवटी मी माझ्या खात्यावरून टाकला. दोन दिवसांनी प्रश्न आला: फॉन्ट कुठला, त्याची आवृत्ती कुठली, दुसऱ्या फॉन्टमध्येही असंच होतं का? सगळी उत्तरं मालवणातल्या त्या मशीनवर आणि मी रत्नागिरीत. आता प्रत्येक प्रश्न मी काकांना फोनवर वाचून दाखवतो आणि त्यांनी सांगितलेलं इथून टाइप करतो.