कुत्युर सायंपोशाख व त्यांच्या परवानाप्राप्त प्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या कुत्युर गृहांनी (ग्राहकाच्या मापाने व मुख्यतः हातशिलाईने पोशाख करून देणाऱ्या फॅशनगृहांनी) तयार केलेले स्त्रियांचे समारंभी पोशाख, आणि तेच पोशाख कराराने परदेशात शिवून विकण्याची पद्धत. पॅरिसचा फॅशनकार ख्रिस्तियाँ दिऑर याचा पहिला संग्रह (12 फेब्रुवारी 1947) हा या कालखंडाचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. अखेर मात्र कोणी 1957 (दिऑरचा मृत्यू), तर कोणी 1968 (पॅरिसचाच दुसरा फॅशनकार बालेन्सियागा याने आपले गृह बंद केले ते वर्ष) अशी धरतात. ‘ओत कुत्युर’ या नावाला फ्रान्समध्ये 1945 पासून कायद्याचे संरक्षण आहे.

सायंपोशाखांत संध्याकाळच्या मेजवानीचा आखूड कॉकटेल पोशाख, रात्रीच्या भोजनाचा पोशाख आणि पायघोळ बॉल गाऊन असे ढोबळ प्रकार पडतात. प्रतिकृतीच्या दृष्टीने शेवटचा सर्वांत अवघड, कारण त्याचे खरे काम आतल्या बाजूला असते. दिऑरच्या गाऊनमध्ये नेटची किंवा रेशमाची आतली चोळी वेगळी शिवून तिच्या शिवणींत आकार टिकवणाऱ्या ताठ पट्ट्या घातलेल्या असत. कमरेला आतून एक मजबूत फीत असे. आधी तिचे हूक लावायचे, मग वरचा पोशाख बंद करायचा. त्यामुळे उघड्या खांद्यांचा गाऊनही खाली घसरत नसे. त्याचा भार कमरेवर येई. घेराखाली नेटचे थरावर थर असत. बाहेरून तरंगता वाटणारा घेर आत असा पक्क्या बांधणीवर बसवलेला असे. ‘जुनाँ’ (हिवाळा 1949–50) या गाऊनच्या फिकट निळ्या नेटच्या पाकळ्यांवर निळ्या, हिरव्या व तांबूस टिकल्या कडेकडे गडद होत जातात. मोराचे पीस नजरेसमोर यावे, पण त्यातला डोळा वगळावा, असा तो बेत आहे.

व्यापारी ग्राहकांसाठी वर्षातून दोनदा संग्रह दाखवले जात. आत शिरण्यापूर्वी अनामत भरावी लागे. पुढे खरेदी केल्यास ती बिलातून वळती होई. खरेदी तीन प्रकारे करता येई: कागदी पॅटर्न, ‘त्वाल’, अथवा प्रत्यक्ष तयार पोशाख. त्वाल म्हणजे मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडात शिवलेला नमुना. तो उसवून त्याचे भाग मापाला घेता येत. सोबत मिळणाऱ्या माहितीपत्रात कापड किती लागेल, ते कोणाचे, बटणे व फिती कोठल्या, हे नोंदलेले असे. अमेरिकेत जाणारे काही पोशाख ‘बाँड’वर, म्हणजे ठरावीक मुदतीत देशाबाहेर परत नेण्याच्या हमीवर, जकात न भरता आणले जात. न्यूयॉर्कच्या कारखान्यात त्यांची नक्कल निघाली की ते पुढे अन्यत्र, बरेचदा कॅनडात, विकले जात. तेथील ग्राहक स्त्रीच्या हाती पडणारा ‘अस्सल’ पॅरिसचा गाऊन असा आधीच कारखाना पाहून आलेला असू शके.

परवान्याची (मोबदला घेऊन आपले नाव किंवा नमुना दुसऱ्याला कराराने वापरू देण्याची) कल्पना कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात श्रेय दिऑरला जाते. अमेरिकेतील प्रेस्टीज या मोजे-उत्पादकाने नाव वापरण्याबद्दल 10,000 डॉलर एकरकमी देऊ केले. ते नाकारून त्याने विक्रीवर टक्केवारी मागितली, असे सांगतात. प्रसंगाचे साल 1948 किंवा 1949 असे दिले जाते. दुसऱ्या मताप्रमाणे मूळ बरेच मागे जाते. पॅरिसचा फॅशनकार पॉल प्वारे 1913 मध्ये अमेरिकेला गेला, तेव्हा आपल्या नावाची खोटी लेबले तेथे सर्रास विकली जात असल्याचे त्याला आढळले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने अमेरिकन बाजारासाठी ‘अधिकृत प्रतिकृती’ म्हणून पोशाख काढले. मादलेन व्हियोने ही पॅरिसची फॅशनकार तर लेबलावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवी. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र प्वारेचा प्रयोग फारसा चालला नाही. टक्केवारीवर आधारलेली टिकाऊ व्यवस्था दिऑर व त्याचा व्यवस्थापक झाक रुए यांच्याच काळात उभी राहिली. मोजे आणि गाऊन या दोन निराळ्या बाबी आहेत, हेही या वादात विसरले जाते.

दिऑरने 1948 मध्ये न्यूयॉर्कला फिफ्थ ॲव्हेन्यूवर स्वतंत्र शाखा काढली. तिच्यासाठी तो वेगळे, अमेरिकन गिऱ्हाइकाला मानवतील असे संग्रह करी. त्यांवर ‘ख्रिस्तियाँ दिऑर – न्यूयॉर्क’ असे लेबल असे. त्याच वर्षी पॅरिसचा फॅशनकार झाक फात याने न्यूयॉर्कच्या जोसेफ हॅल्पर्टशी तयार कपड्यांचा करार केला. दिऑरची लंडन शाखा 1952 ची. जपानमध्ये 1953 पासून दाइमारू, तर कॅनडात होल्ट रेनफ्रू ही दुकाने त्याच्याशी जोडली गेली. बालेन्सियागा या वाटेला जवळजवळ गेलाच नाही. 1956 पासून तो व फॅशनकार जिव्हाँशी वार्ताहरांना आपले संग्रह इतरांहून सुमारे महिनाभर उशिरा दाखवू लागले. नक्कल लांबवणे हा त्यामागचा एक हेतू होता.

फ्रेंच कायदा पोशाखाच्या रचनेला संरक्षण देई. 1952 मध्ये त्यासाठी खास कायदाही झाला. अमेरिकेत तसे संरक्षण नव्हते. नक्कल विकणाऱ्या दुकानांवर बहिष्कार घालणाऱ्या तेथील फॅशन-उत्पादक संघटनेविरुद्ध 1941 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. पुढे अलेक्झांडर्स या न्यूयॉर्कच्या दुकानाने नकलांच्या जाहिरातीत दिऑरचे नाव वापरले. तेव्हा 1962 मध्ये अपील न्यायालयाने, गिऱ्हाइकाची दिशाभूल होत नसेल तर नकलेचे मूळ सांगण्यास हरकत नाही, असे ठरवले. ‘रेघेला रेघ’, म्हणजे हुबेहूब, नकला विकणाऱ्या ओरबाक्ससारख्या दुकानांचा धंदा याच मोकळिकीवर चाले.

भारताशी या विषयाचा धागा भरतकामातून जुळतो. पॅरिसच्या भरतकामाची ल्युनेव्हिल हूकसुई आपल्याकडील आरीच्या जातीची असून, आरीचे तंत्र अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मार्च 2023 मध्ये दिऑर गृहाने गेटवे ऑफ इंडियासमोर संग्रह दाखवला, तोही मुंबईच्या चाणक्य या भरतकाम कार्यशाळेशी असलेल्या संबंधातून.

संग्रहालयांत, विशेषतः टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयात, अस्सल व परवानाप्राप्त असे दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. पॅरिसच्या दिऑर लेबलावर बहुधा हंगाम व साल विणलेले असते आणि क्रमांक हाताने लिहिलेला असतो. लेबल नसेल, तर पोशाख उलटा करून कमरेची फीत, हाताचे टाके आणि शिवणीत सोडलेले जादा कापड पाहतात.