ॲफ्टनचा खड्डा

१९७८ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रात्रीच्या अंधारात टँकर निघायचे आणि नळ सोडून रस्त्याकडेने तेल सांडत जायचे. ट्रान्सफॉर्मरमधलं, पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेलं तेल. रीतसर विल्हेवाटीचा खर्च वाचवण्यासाठी १४ काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) मिळून सुमारे ३१,००० गॅलन तेल असं ओतलं गेलं.

ओतणारे पकडले गेले, त्यांना शिक्षाही झाली. पण ती माती उकरून टाकायची कुठे? राज्य सरकारने वॉरेन काउंटीतलं ॲफ्टन निवडलं. विषारी माती पुरायच्या खड्ड्याचा तळ आणि भूजल यांत ५० फुटांचं अंतर हवं, असा नियम होता. ॲफ्टनला पाणी त्याहून खूप वर लागायचं आणि तिथली माणसं विहिरीचंच पाणी पीत होती. तरी जागा बदलली नाही. नियमातून सूट मिळाली. काउंटीत बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि गरीब. गावकुसाबाहेर कोणाला ठेवतात हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या मराठी माणसाला ही निवड कशी झाली असेल, ते वेगळं सांगायला नको.

सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक येऊ लागले. कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्चमधून मोर्चे निघाले, माणसं ट्रकपुढे रस्त्यावर आडवी झाली. सहा आठवड्यांत पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. खड्डा भरायचा तो भरलाच.

अटक झालेल्यांत वॉशिंग्टनचे लोकप्रतिनिधी वॉल्टर फाँट्रॉय होते. त्यांच्या मागणीवरून झालेल्या सरकारी पाहणीत १९८३ साली दिसलं, की आग्नेयेकडच्या आठ राज्यांतल्या बाहेरचा घातक कचरा आणून पुरायच्या चार खड्ड्यांपैकी तीन कृष्णवर्णीय वस्त्यांत आहेत. ह्यूस्टनमध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांना कचराभूमींचं हेच चित्र आधीच दिसलं होतं. मग १९८७ मध्ये एका चर्च-संघटनेने देशभराचा अहवाल काढला: घातक कचरा कुठे जाणार हे उत्पन्नापेक्षाही वंशावरून जास्त ठरतं. त्यामागचे बेंजामिन चेव्हिस यांनी याला ‘पर्यावरणीय वंशवाद’ म्हटलं.

पीसीबी शरीरातल्या चरबीत साठतं, आईच्या दुधातून बाळापर्यंत जातं. ते माणसाला कर्करोग करतं, असा स्पष्ट निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला तो २०१३ मध्ये. अमुक एकीचा आजार अमुक खड्ड्यामुळेच, हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. आणि तरी पुरावा मागतात तो आजारी माणसाकडेच. मला यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

१९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायासाठी आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला.

ॲफ्टनच्या ‘कोरड्या’ म्हणवलेल्या खड्ड्यात पाणी साचल्याचं १९९३ साली उघड झालं. तंत्रज्ञान आलं की विष काढू, असं राज्यपालांनी १९८२ मध्येच कबूल केलं होतं. माती शुद्ध करून संपायला २००३ साल उजाडलं.