फॉल्स्टाफचं बिल आणि पाककृतींच्या वह्या

शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’ या नाटकाच्या पहिल्या भागात घोरत पडलेल्या फॉल्स्टाफ या लठ्ठ, दारुड्या सरदाराच्या खिशातून खानावळीचं बिल निघतं. खच्ची केलेला कोंबडा २ शिलिंग २ पेन्स, सॉस ४ पेन्स, दोन गॅलन सॅक ही स्पॅनिश वाइन ५ शिलिंग ८ पेन्स, जेवणानंतर अँकोव्ही मासे आणि पुन्हा सॅक २ शिलिंग ६ पेन्स. आणि पाव? अर्ध्या पेनीचा. प्रेक्षक हसतात. समीक्षकही बराच काळ हसूनच पुढे जात राहिले.

१९३५ मध्ये कॅरोलिन स्पर्जन यांनी शेक्सपिअरच्या प्रतिमांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’त स्वयंपाकाच्या प्रतिमांची किती गर्दी आहे हे लक्षात आलं. पण अन्न तिथे उपमेपुरतंच होतं. ते कोण रांधतं, किती महाग आहे, कोणाला मिळत नाही, हे प्रश्न इंग्रजी विभागांत रुळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. वेंडी वॉल यांचं नाटक आणि घरकामावरचं पुस्तक २००२ चं, जोन फिट्झपॅट्रिक यांचं शेक्सपिअरमधल्या अन्नावरचं २००७ चं.

या वाचनाने जुन्या विनोदांना नवा अर्थ आला. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला सर अँड्र्यू म्हणतो की आपण गोमांस फार खातो, त्यानेच बहुधा बुद्धी मंदावली. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या परंपरेतल्या वैद्यकानुसार शरीरात चार रस असतात आणि आहार त्यांचा तोल बदलतो; म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाला हे बोलणं हास्यास्पद वाटलं तरी निराधार नव्हतं.

‘कोरिओलेनस’चं उदाहरण याहून बोलकं आहे. नाटक उघडतं तेच धान्यासाठी खवळलेल्या रोमन जमावाने. त्याआधी, १५९४ ते १५९७ या काळात, इंग्लंडमध्ये पिकं ओळीने बुडाली होती आणि १६०७ मध्ये मिडलंड्समधले शेतकरी सामाईक जमिनींना कुंपणं घालण्याविरुद्ध उठले होते. फेब्रुवारी १५९८ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डमध्ये, धान्यसाठ्यांची मोजदाद झाली, तेव्हा खुद्द त्याच्या नावावर १० क्वार्टर, म्हणजे ८० बुशेल (ही तिथली धान्याची मापं) माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, निघालं. टंचाईच्या दिवसांत! उपाशी जमावाचे संवाद लिहिणारा लेखक साठा बाळगून होता, हे पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनेत क्वचितच येतं.

‘द विंटर्स टेल’मधला मेंढपाळाचा मुलगा सणासाठी यादी करतो: साखर, मनुका, तांदूळ, केशर, जायपत्री, सात जायफळं, आलं. खेड्यातल्या मेजवानीच्या यादीत अर्धं जग आहे. मसाल्यांची माहिती युरोपात पोचवणाऱ्या ग्रंथांपैकी एक आपल्या शेजारी छापला गेला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे ‘संवाद’ १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाले आणि चारच वर्षांत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा लॅटिन संक्षेप युरोपीय वाचकांपुढे ठेवला.

मात्र छापील ग्रंथांतून स्वयंपाकघर अर्धवटच दिसतं. गर्व्हेस मार्कमने १६१५ मध्ये इंग्रज गृहिणीसाठी पुस्तक काढलं, पण तो पुरुष, तिने काय करावं हे सांगणारा. बायकांनी स्वतः लिहिलेल्या वह्या आईकडून मुलीकडे गेल्या. एका पानावर फळांचा मुरंबा, पुढच्या पानावर प्लेगचा काढा, मध्येच दुसऱ्याच हाताची सुधारणा. वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयाकडे अशा वह्यांचा मोठा संग्रह आहे.

अन्नाच्या अभ्यासाची आणि ऑनलाइन अध्यापनाची गाठ इथेच पडली. साथीच्या काळात नाइलाजाने झूमवर आलेला हा विषय नव्हे. २०१२ मध्ये काही अभ्यासकांनी अर्ली मॉडर्न रेसिपीज ऑनलाइन कलेक्टिव्ह हा गट सुरू केला. डिजिटल छायाचित्रं उघडायची, सतराव्या शतकातलं वळणदार अक्षर लावायचं आणि ओळ न् ओळ टंकायची, हे काम पदवीचे विद्यार्थीही वर्गाचा भाग म्हणून करू लागले. एकच पान अनेकांनी उतरवायचं, मग पाठ ताडून पाहायचे. संपादन म्हणजे काय, हे व्याख्यानापेक्षा यातून पक्कं कळतं, असं मला वाटतं. २०२० च्या सुरुवातीला फोल्जरची इमारत नूतनीकरणासाठी बंद झाली ती जून २०२४ मध्ये उघडली. तोवर या वर्गांना वाचनालयाच्या दाराशी अडून राहावं लागलं नाही.

घरून शिकण्याचा एक फायदाही होता, तो म्हणजे हाताशी असलेलं स्वयंपाकघर. अनेक कृतींत मापं नाहीत, भट्टीचं तापमान नाही. आजीच्या ‘चवीपुरतं मीठ’सारखाच मामला. त्यामुळे कृती करून पाहणं हीसुद्धा वाचनाची एक रीत ठरते.

या सगळ्यात नाटक मागे पडतं, ही तक्रार अधूनमधून ऐकू येते. ती अगदीच खोटी नाही. सहामाहीचे तास मोजकेच असतात, आणि पाई (pie) हा सारण भरलेला पदार्थ कसा भाजायचा यावर दोन आठवडे गेले की ‘टायटस अँड्रॉनिकस’मधल्या त्या भयंकर पाईसाठी, ज्यात राणीला तिचीच मुलं शिजवून वाढली जातात, एखादाच तास उरतो.