रॉक बँड

रॉक बँड : विद्युत गिटार, बेस गिटार, ड्रम आणि गायन यांवर उभा असलेला, साधारणतः तीन ते पाच जणांचा वाद्यमेळ. १९५० च्या दशकात अमेरिकेत हे रूप घडू लागले आणि पुढच्या दशकात ब्रिटनमध्ये स्थिरावले. त्याआधीच्या लोकप्रिय संगीतात गीतकार, संगीतकार, गायक आणि साथीदार बहुधा वेगवेगळे असत. रॉक बँडने ही कामे एकत्र आणली आणि साऱ्यांना मिळून एकच नाव दिले. सर्वश्रेष्ठ व सर्वांत प्रभावी बँड कोणते, या प्रश्नात दोन मापे नेहमी मिसळतात. श्रेष्ठत्व अखेर अभिरुचीवर सोडावे लागते. प्रभावाचा माग मात्र वाद्ये, तंत्रे आणि ध्वनिमुद्रणे यांतून बराचसा काढता येतो. प्रस्तुत नोंदीचा भर दुसऱ्या मापावर आहे.

उगम : पहिली ‘रॉक अँड रोल’ तबकडी कोणती, याबद्दल एकमत नाही. रॉय ब्राउनचे १९४७ चे व वायनोनी हॅरिसचे १९४८ चे ‘गुड रॉकिंग टुनाइट’, फॅट्स डॉमिनोचे १९४९ च्या अखेरीचे ‘द फॅट मॅन’ आणि बिल हेलीचे १९५४ चे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ अशी अनेक नावे पुढे केली जातात. सर्वाधिक चर्चा होते ती मार्च १९५१ मध्ये मेम्फिस येथे ध्वनिमुद्रक-निर्माता सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ची. ती आइक टर्नरच्या बँडने वाजवली. पण तबकडीवर नाव आले ते गाणाऱ्या सॅक्सोफोनवादकाचे, जॅकी ब्रेन्स्टनचे. प्रवासात गिटारवादक विली किझार्टचा अँप्लिफायर बिघडला होता. तो मोटारीच्या टपावरून पडला असे काही जण सांगतात, तर पावसात भिजला असे इतर. स्पीकरचा फाटलेला पडदा जागेवर राहावा म्हणून फिलिप्सने आत कागदाचे बोळे कोंबले आणि त्यातून येणारा घोगरा आवाज तसाच मुद्रित केला. हीच पहिली तबकडी, असे फिलिप्स पुढे म्हणत असे. अर्थात तो तटस्थ साक्षीदार नव्हे. ह्यूस्टनचा गिटारवादक गोरी कार्टर याने १९४९ मध्ये वाजवलेली गिटार काही समीक्षकांना अधिक जवळची वाटते. एकच तबकडी निवडण्याचा अट्टहास न धरता १९४७ ते १९५४ हा काळ संक्रमणाचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

बँडची रचना कशी ठरली हे त्या मानाने स्पष्ट आहे. टेक्सासमधील लबक येथील बडी हॉली आणि त्याचे क्रिकेट्स (‘रातकिडे’) यांनी १९५७ पासून दोन गिटार, बेस व ड्रम ही मांडणी आणि स्वतःची गाणी स्वतः रचण्याची पद्धत रूढ केली. फेब्रुवारी १९५९ मध्ये हॉली विमान अपघातात मरण पावला. बीटल्सचे कीटकाशी नाते सांगणारे नावही क्रिकेट्सवरूनच सुचले.

फाटका आवाज : रॉक गिटारचा आवाज मुद्दाम फाडण्याची सुरुवात कोणी केली, हा वाद उगमाच्या वादाइतकाच जुना आहे. १९५८ च्या ‘रंबल’साठी लिंक रे याने स्पीकरच्या पडद्याला भोके पाडली, असे सांगितले जाते. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिनचा बेस बिघडलेल्या मिश्रण-यंत्रातून गेला आणि आवाज भुंग्यासारखा आला. तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडीने तो दोष हेतुपूर्वक घडवून आणणारे उपकरण तयार केले. १९६२ पासून ते ‘मायस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकले जाऊ लागले. सुरुवातीला त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सने ते वापरल्यावर चित्र पालटले. वास्तविक तेथे पितळी सुषिरवाद्ये घ्यायची असे त्याच्या मनात होते, आणि गिटार ही केवळ कच्ची खूण होती.

त्याच्या वर्षभर आधी लंडनच्या किंक्स बँडमधील डेव्ह डेव्हिसने एका छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरवर दाढीच्या पात्याने चिरा पाडल्या आणि तो दुसऱ्या मोठ्या अँप्लिफायरला जोडला. ‘यू रिअली गॉट मी’ (१९६४) ची धार तेथून आली. त्यातील गिटारचा एकल तुकडा भाड्याने वाजवायला आलेल्या जिमी पेजने वाजवला, ही आख्यायिका चिवट आहे. डेव्हिस व निर्माता शेल टाल्मी या दोघांनीही ती नाकारली असून तिला विश्वसनीय आधार मिळत नाही.

प्रचंड आवाजामागे मात्र एक दुकान आहे. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथील ड्रमवादक व विक्रेता जिम मार्शलच्या मदतनीसांनी १९६२ च्या सुमारास अमेरिकन फेंडर बेसमनच्या धर्तीवर अँप्लिफायर बांधला. द हू बँडच्या पीट टाउनशेंडने आणखी जोर मागितला, तेव्हा १९६५ मध्ये १०० वॉटचे यंत्र आणि आठ स्पीकरची एकच पेटी तयार झाली. ती उचलताना सामान वाहणारे टेकीला आले. परिणामी तिचे चार-चार स्पीकरचे दोन भाग करून एकावर एक रचले गेले. मंचावरील काळ्या पेट्यांची ओळखीची भिंत अशी हमालीच्या अडचणीतून उभी राहिली.

बीटल्स आणि समकालीन : लिव्हरपूलचा बीटल्स (१९६०-७०) हा बहुतेक सर्व याद्यांमध्ये अग्रस्थानी असतो आणि येथे त्याला धक्का देण्याचे कारण नाही. हँबर्गच्या रात्रपाळ्यांत (१९६०-६२) तासन्तास वाजवून त्यांचा हात बसला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील त्यांचा कार्यक्रम सुमारे ७·३ कोटी लोकांनी पाहिला. बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या ४ एप्रिल १९६४ च्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिली पाचही गाणी त्यांची होती. त्यांची कीर्ती सर्वज्ञात आहे. पण पुढच्यांसाठी अधिक मोलाचा ठरला तो १९६६ मधील जाहीर कार्यक्रम थांबवण्याचा निर्णय. ऑगस्ट १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५,००० हून अधिक श्रोत्यांच्या किंकाळ्यांत वादकांना आपलाच आवाज ऐकू येत नव्हता. त्यानंतर स्टुडिओ हेच त्यांचे वाद्य झाले. आवाज दुपदरी करण्यासाठी तीच ओळ पुन्हा गाण्याचा जॉन लेननला कंटाळा होता, म्हणून तंत्रज्ञ केन टाउनसेंडने १९६६ मध्ये फितीवरच हे काम करणारी युक्ती शोधली. १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार-पदरी (एका फितीवर चार आवाज स्वतंत्रपणे घेणाऱ्या) यंत्रांवर, एका फितीवरील पदर दुसरीवर गोळा करत मुद्रित झाला.

रोलिंग स्टोन्स (स्थापना १९६२) ब्लूजला, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकसंगीताला, घट्ट धरून राहिला. दीर्घायुष्याच्या बाबतीत त्याच्या जोडीचा मोठा बँड दाखवणे कठीण. लेड झेपेलिनने (१९६८-८०) ध्वनीच्या अवकाशाचा विचार केला. १९७१ च्या अल्बममधील ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी ठेवले आणि वरच्या मजल्यावरून दोन माईक लोंबकळत सोडले. तो ठेका पुढे १९८६ मध्ये बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप गटाने उचलला व हिप-हॉपमध्ये नेला. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९८८ पर्यंतच्या काळात बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत ७४१ आठवडे होता.

हेवी मेटल : बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम (फेब्रुवारी १९७०) हा रॉकच्या या जड, कर्कश शाखेचा आरंभ, असे सर्वसाधारण मत आहे, लेड झेपेलिन व डीप पर्पल यांना तो मान देणारेही आहेत. पत्र्याच्या कारखान्यात गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा घेतल्या. तारा सैल करून खालच्या पट्टीत वाजवल्यामुळे जडपणा आला, हे स्पष्टीकरण वारंवार आढळते. मात्र तीन अर्धस्वर खाली उतरण्याची पद्धत १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून दिसते. पहिल्या दोन अल्बमना ते लागू करता येत नाही. तेथील भेदक परिणामाचे श्रेय संथ लयीला आणि षड्ज व तीव्र मध्यम यांच्यातील अंतराला देणे अधिक योग्य.

विक्री आणि प्रभाव : या दोहोंतील तफावतीचे नेहमीचे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचा व्हेल्व्हेट अंडरग्राउंड. त्याच्या १९६७ च्या पहिल्या अल्बमच्या मोजक्याच प्रती खपल्या, पण घेणाऱ्या प्रत्येकाने बँड काढला, अशा आशयाचे ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचे १९८२ मधील विधान प्रसिद्ध आहे. त्यातील ३०,००० हा आकडा ऐकीव होता. नंतर उजेडात आलेल्या हिशेबावरून खप बराच जास्त दिसतो. मुद्दा त्यामुळे बाद होत नाही. न्यूयॉर्कच्याच रमोन्सने १९७६ मध्ये अर्ध्या तासाच्या आत चौदा गाणी बसवून पंकचा, म्हणजे वेगवान, साध्या व आक्रमक रॉकचा साचा दिला. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टर येथे सेक्स पिस्टल्सच्या कार्यक्रमाला बहुधा पन्नासही श्रोते नव्हते. त्यांत पुढे जॉय डिव्हिजन व स्मिथ्स या बँडमध्ये आलेले तरुण होते. आपण तेथे होतो असे सांगणाऱ्यांची संख्या पुढे सभागृहात मावणार नाही इतकी झाली, हा भाग निराळा. निर्व्हानाच्या १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ने हीच परंपरा बाजाराच्या मध्यभागी आणली व जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनला अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून हटवले.

संस्थात्मक मान्यतेचे प्रमुख साधन म्हणजे १९८३ मध्ये स्थापन झालेला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम; त्याचे संग्रहालय १९९५ पासून क्लीव्हलंडमध्ये आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर २५ वर्षांनी कलावंत पात्र ठरतो. बीटल्सचा समावेश १९८८ मध्ये झाला, ब्लॅक सबाथचा २००६ मध्ये, तर १९६८ पासून तबकड्या काढणाऱ्या डीप पर्पलचा २०१६ मध्ये. जड संगीताबद्दलची समीक्षकांची अढी या तारखांतून वाचता येते.

स्त्रियांच्या व इंग्रजी जगाबाहेरील बँडची माहिती संदर्भग्रंथांत तुटपुंजी आहे. स्वतःची गाणी रचून स्वतः वाजवणाऱ्या गो-गोज या लॉस एंजेलिसच्या महिला बँडचा अल्बम १९८२ मध्ये बिलबोर्डच्या अग्रस्थानी गेला. तसे करणारा तो पहिला. जर्मनीतील कोलोनचा कॅन (१९६८) व ड्युसेलडॉर्फचा क्राफ्टवेर्क (१९७०) यांची दखल आता घेतली जाते. पेरूतील लिमाच्या लोस सायकोस बँडने १९६० च्या दशकाच्या मध्यास काही एकेरी तबकड्या काढल्या. पंकशी त्यांचे साम्य लक्षणीय असले, तरी न्यूयॉर्क वा लंडनच्या पंक वादकांनी त्या ऐकल्या होत्या असे दाखवता येत नाही.